मेक ६०० ज्युनियर (१६ गेज) रीलोडर: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, पॅटर्नच्या कागदासकट

मंडळी, आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू (रीलोडरचा, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची रिकामी शेल घरी परत भरायच्या मशीनचा) अमेरिकेत राहणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या (किंवा करायची खाज असलेल्या) मराठी लोकांसाठी आहे. भारतात बसून वाचत असाल तर निवांत गंमत म्हणून वाचा, तिकडे शस्त्र कायदा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, घरात काडतुसं भरायला बसलात तर पोलीस काही चहा प्यायला येणार नाहीत. आणि इकडेही एच-वनवर असाल तर जरा थांबा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक काय किंवा काडतूस काय, जवळ ठेवायला फेडरल कायद्याने बंदी आहे, त्यातून सूट मिळायचा नेहमीचा रस्ता म्हणजे चालू हंटिंग लायसन्स, पण ते सगळं वकिलाशी बोलून करा, माझ्यासारख्या बाईचं ऑनलाइन वाचून नको. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत बंदुकीला हात लावला नाही. आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना लायसन्सच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो. आपल्याकडे शिकार बंद झाली तीही १९७२ लाच, योगायोग बघा.

तर मशीन आहे मेक ६०० ज्युनियर मार्क फाइव्ह. मेव्हिल इंजिनिअरिंग म्हणून कंपनी, विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावात १९४५ साली सुरू झालेली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून मेक. बारा गेजपासून फोर-टेनपर्यंत वेगवेगळ्या मापात येतं (गेज म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), माझं १६ गेजचं आहे. किंमत नवीन घेतलं तर साधारण तीनशे डॉलरच्या आसपास पकडा, दुकान आणि सीझनप्रमाणे खालीवर.

१६ गेज का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. कारण बंदूक तीच आहे! इथाका ३७, जुनी, शेजारच्या आजोबांकडून रीतसर घेतलेली, नळीवर फुल चोक कोरलेला (चोक म्हणजे नळीचं तोंड आतून आवळलेलं, त्याने छर्रे कमी पसरतात, फुल म्हणजे चांगलंच आवळलेलं), आणि तो चोक नळीतच घडवलेला, हल्लीसारखा स्क्रू करून बदलायचा नाही. पंप गन आहे पण रिकामी शेल खालून पडतात, बाजूला उडत नाहीत, म्हणजे पायाशीच सापडतात, आणि रीलोडिंग करणाऱ्या माणसाला याचं सुख काय असतं ते गुडघाभर गवतात हिरवी शेल शोधत फिरल्याशिवाय कळायचं नाही. वजनाला एकदम हलकी, दिवसभर हातात धरून चाललं तरी खांदा बोंबलत नाही.

पण १६ गेजची काडतुसं दुकानात मिळायची मारामार. बारा आणि वीसच्या थप्प्या लागलेल्या असतात, सोळाची कोपऱ्यात दोन-चार खोकी, तीही एकाच नमुन्याची, शिवाय महाग. त्यात चोक बदलता येत नाही म्हणजे बंदुकीचा पॅटर्न (लांबवर छर्रे किती दाट आणि कसे पसरून पडतात ते) बदलायचा तर एकच गोष्ट हातात उरते, काडतूस. म्हणून हे मशीन. बारा गेजवाल्यांनी नुसते पैसे वाचवायला रीलोडिंग करायचं म्हणत असाल तर सरळ सांगते, स्वस्तातल्या टार्गेट शेलच्या बाबतीत हिशोब जेमतेम जुळतो, २०२०-२१ च्या टंचाईनंतर प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (दारू) दोन्ही चढलेत, तुमच्या वेळेची किंमत लावलीत तर तोटाच. शिकारीच्या चांगल्या लोडमध्ये आणि १६, २८ असल्या आडवळणाच्या गेजमध्ये मात्र फरक पडतो. २५ पौंडाची छर्ऱ्यांची पिशवी म्हणजे ४०० औंस, एक-एक औंसाची ४०० काडतुसं, म्हणजे १६ खोकी एका पिशवीत, बाकी हिशोब तुम्ही तुमच्या गावच्या भावाने करा.

आता हे करतं काय. लहानपणी कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी बघितलीय त्यांना पाच मिनिटांत कळेल, नळीत दारू, वर काथ्या, मग छर्रे, परत काथ्या, गजाने ठासायचं. इथे तेच सगळं एका प्लास्टिकच्या नळकांड्यात होतं आणि काथ्याच्या जागी वॅड येतो, ज्याला वरती पाकळ्यांचा पेला असतो, छर्रे त्या पेल्यात बसतात म्हणजे नळीला घासून चेपत नाहीत. हा पेला पुढे महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

मशीनवर एका वेळी एकच काडतूस फिरतं. डावीकडून सुरुवात, पहिल्या जागी लिव्हर ओढला की जुना प्रायमर खाली पडतो आणि शेलचा बूड परत मापात येतो, दुसऱ्या जागी नवा २०९ प्रायमर दाबून बसतो, तिसरी जागा मुख्य, वरती दोन बाटल्या उलट्या लावलेल्या असतात, एकीत पावडर, दुसरीत छर्रे, लिव्हर खाली धरून चार्ज बार (मापाची भोकं असलेली आडवी पट्टी) एका बाजूला सरकवला की पावडर पडते, मग वॅड बोटाने ठेवून खाली बसवायचा, बार उलट सरकवला की छर्रे सर्रकन उतरतात. तो आवाज फार भारी असतो, खरंच. पुढे क्रिंपची सुरुवात, म्हणजे तोंडाला घड्या घालणं, आणि शेवटी पक्का क्रिंप. शेलला मुळात सहा घड्या आहेत का आठ हे बघून त्याप्रमाणे स्टार्टर लावायचा, सहावाल्याला आठ घड्या घालायला गेलात तर तोंड चुरगळतं.

क्रिंप नीट झालाय का ते बोटानेच कळतं. मधला खड्डा साधारण १/१६ इंच खोल हवा, घड्या मध्यभागी येऊन मिळालेल्या हव्या, वाटोळं भोक राहता कामा नये. भोक राहिलं तर साडेसातचे बारीक छर्रे खिशातच सांडायला लागतात, पाच नंबरचे जाड असल्यामुळे अडून राहतात एवढंच, पण मग क्रिंप ढिला म्हणजे पावडर नीट जळत नाही आणि बार फुसका निघतो. मी काडतूस हलवून बघते, आत खुळखुळ वाजलं तर ते बाजूला. पान्याने डायची (तोंड घडवणाऱ्या साच्याची) उंची जरा जरा फिरवत ॲडजस्ट करावी लागते आणि वेगळ्या कंपनीचं शेल घेतलं की परत फिरवावी लागते. म्हणून एकाच जातीची शेल जमवा, मिक्स नको. एका स्वस्तातल्या इंपोर्टेड ब्रँडची शेल (नाव घेत नाही) तर दुसऱ्या भरणीलाच तोंडाशी चिरायला लागली होती, ती सगळी कचऱ्यात.

मशीनबद्दल चांगलं काय तर ते लोखंड आहे. बेंचला बोल्टने घट्ट आवळलं की हलत नाही, लिव्हरला वजन आहे पण हात दुखत नाही, पार्ट सगळे सुटे मिळतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचं मशीनही लोक अजून वापरतायत. ली कंपनीचं लोड-ऑल याच्या निम्म्याहून कमी पैशात येतं, त्यावरही काडतूस होतं, वाईट नाही, पण प्लास्टिक बरंच आहे आणि मला हाताखाली लोखंड आवडतं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मेकचंच साइझमास्टर हे याचं थोरलं भावंड आहे, ते शेलचा पितळी बूड कॉलेटने चारी बाजूंनी आवळून मापात आणतं, रेंजवर दुसऱ्यांची पडलेली शेल गोळा करणार असाल तर ज्युनियरपेक्षा तेच घ्या. माझी शेल माझ्याच बंदुकीतून सुटतात आणि तिच्यातच परत जातात, त्यामुळे मला ज्युनियर पुरतं.

न आवडलेलं म्हणजे वेग. कंपनी तासाला आठ-दहा खोकी म्हणते, असेल बाबा, माझं तेवढं होत नाही आणि मला करायचंही नाही. दुसरं म्हणजे बुशिंग. पावडरचं माप चार्ज बारमधल्या एका छोट्या बुशिंगवर (भोक असलेल्या कडीवर) ठरतं, त्यांना नंबर असतात आणि कुठल्या पावडरला कुठला नंबर याचा तक्ता येतो, पण तो तक्ता अंदाज म्हणून वापरायचा असतो, तुमचा हात जोरात पडतो का हळू, बेंच हादरतं का, यावर पावडर कमीजास्त पडते. त्यामुळे ग्रेनमध्ये मोजणारा तराजू वेगळा घ्यावाच लागतो आणि दोन-तीन नंबर अलीकडची पलीकडची बुशिंगही. हा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो. तिसरं, छर्रे सांडतात. कितीही सांभाळा, सांडतात, आणि बेसमेंटच्या सिमेंटवर पार वॉशरच्या खाली जातात, नवऱ्याला शिकारीत शून्य इंटरेस्ट (खाण्यात शंभर टक्के), पण मोज्याला छर्रा टोचला की त्याला माझ्या छंदाची आठवण होते. खाली कडा असलेला ट्रे ठेवा.

रेसिपी मी इथे देणार नाहीये, कमेंटमध्ये मागू पण नका. हॉजडन आणि अलायंट या दोन्ही पावडर कंपन्यांच्या साइटवर डेटा फुकट आहे, शेल कुठलं, प्रायमर कुठला, वॅड कुठला, पावडर किती, छर्रे किती, सगळं एकत्र दिलेलं असतं आणि ते एकत्रच वापरायचं. प्रायमरच बदलला, बाकी सगळं तेच आहे, असं म्हणून चालत नाही, नुसत्या प्रायमरने प्रेशर बरंच वर जातं, १६ गेजची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय आहे आणि ती तुमच्या गालापासून काही इंचांवर असते. छर्रे शिशाचे असतील तर त्या जागी स्टील टाकणं तर अजिबात नाही, स्टीलचा डेटाच वेगळा, वॅड वेगळा. आणि जुनी बंदूक असेल तर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या, काही जुन्या १६ गेजचं चेंबर २-९/१६ इंचाचं असतं, त्यात आजचं पावणेतीन इंची काडतूस आत जातं पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही. बेंचवर एका वेळी एकच पावडरचा डबा, चष्मा लावायचा, फोन वरच्या मजल्यावर, शिशाला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय चिवडा खायचा नाही. आणि रात्री काम संपलं की बाटलीतली पावडर परत मूळ डब्यात, बाटलीत राहू द्यायची नाही, कुठली होती ते सकाळी आठवत नाही आणि बाटली पण खराब होते.

आता माझ्या मते खरी गोष्ट. हे मशीन घेणार असाल तर त्याच दिवशी मेनार्ड्समधून (घरबांधणीच्या सामानाचं दुकान) तीन फूट रुंदीचा रोझिन पेपरचा रोल पण घ्या, तो तपकिरी-लालसर, फरशीवर अंथरतात तो. नाहीतर मशीन घेऊच नका. कारण काडतूस भरता आलं म्हणजे ते तुमच्या बंदुकीत कसं चालतं हे कळलं असं नाही, ते कागदच सांगतो, आणि बहुतेक लोक कागदावर बार काढतच नाहीत, खोक्यावर हाय व्हेलॉसिटी आणि उडणारा पक्षी छापलेला बघून पैसे देतात.

पद्धत जुनीच आहे. ४० यार्डावर कागद, मध्ये एक ठिपका, त्यावर नेम धरून एक बार. मग कागद काढून जिथे भोकं सगळ्यात दाट आहेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं, आधी नाही, नंतर. मी १५ इंचाची दोरी आणि मार्कर वापरते. वर्तुळातली भोकं मोजा, काडतुसात एकूण छर्रे होते त्याने भागा, टक्के आले. फुल चोकला ७० च्या आसपास, मॉडिफाइडला ६०, इंप्रूव्हड सिलिंडरला ५०, नुसत्या सिलिंडरला (म्हणजे चोकच नाही) ४०, हे सर्वसाधारण धरलेलं. एकूण छर्रे किती हे अंदाजाने नाही धरायचं, एक काडतूस कापून बशीत ओतून मोजायचं. पुस्तकी आकडा सहा नंबर शिशाचा औंसाला २२५ आणि पाच नंबरचा १७०, पण पिशवी-पिशवीत फरक असतो. (१७ मधून नंबर वजा केला की छर्ऱ्याचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागात मिळतो, सहा नंबर म्हणजे ०.११ इंच, हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं, कॅल्क्युलेटर लागत नाही.)

एका कागदावरून काही ठरवू नका. एकच खोकं, एकच हात, तरी दोन कागद सारखे येत नाहीत, निदान पाच तरी काढा आणि सरासरी घ्या. कागदाच्या कोपऱ्यात काडतुसाचा कोड, अंतर आणि तापमान लिहून ठेवा, घरी आल्यावर सगळे कागद सारखेच दिसतात.

मी जाते त्या क्लबबद्दल पण थोडं, नाव न घेता. मेंबरशिप स्वस्त, लोक चांगले, कॉफी फुकट आणि तशीच. पण पॅटर्न बोर्डाला ४० यार्डची पाटी लावलेली, मला पॅटर्न फारच देखणा वाटायला लागला म्हणून रेंजफाइंडर लावून बघितलं तर ३७ सुद्धा पुरतं नाही. कमिटीला सांगितलं, हो हो म्हणाले, पाटी अजून तिथेच आहे, आता मी स्वतःचा खडू घेऊन जाते आणि रेघ मारून उभी राहते. लाकडी फ्रेमची खालची पट्टी लोकांनी उडवून उडवून अर्धीच राहिलीय, त्यामुळे वारा असला की कागद पोटातून फुगतो, चार मोठे बायंडर क्लिप आणि जाड पुठ्ठा बरोबर ठेवा.

मोजायचं काम मुलीकडे. वर्तुळाचे चार भाग करायचे, एका भागाला एक रंगाचा हायलायटर, मोजलेल्या भोकावर टिकली, म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. भोकामागे मानधन ठरलेलं आहे, महागाईनुसार वाढतं. फोनमध्ये फोटो काढून मोजणारी ॲप पण आहेत, पण जिथे दोन छर्रे चिकटून गेलेत तिथे माझा मुलीवर जास्त विश्वास आहे. टक्के झाले की मी चहाची बशी कागदावर फिरवते, जिथे बशीखाली तीन-चारसुद्धा भोकं येत नाहीत अशी जागा सापडली तर तिथे फेझंट (आम्ही मारतो तो रानकोंबड्यासारखा पक्षी) जखमी होऊन पळून जाईल, त्या जागेला मी लाल फुली मारते. टक्के चांगले पण लाल फुल्या भरपूर, असं काडतूस मला नको.

आणि आता ती गंमत ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. दुकानातलं १-१/८ औंसाचं सहा नंबर, जोरात जाणारं, खोक्यावर मोठमोठी अक्षरं, ते माझ्या फुल चोकमधून जेमतेम साठीला येत होतं, आणि कागदाच्या कडेला भरकटलेल्या छर्ऱ्यांची रांगोळी. मी भरलेलं एक औंसाचं, सहाच नंबर, पण कडक छर्रे, आणि वेग मुद्दाम बेताचा, ११६५ ते १२०० फूट सेकंदाला या पट्ट्यातल्या रेसिपीचं, ते सत्तरीला टेकलं. आता हिशोब करा. १-१/८ औंस म्हणजे साधारण २५३ छर्रे, त्याचे साठ टक्के १५२. एक औंस म्हणजे २२५, त्याचे सत्तर टक्के १५७. म्हणजे कमी शिसं भरून, खांद्याला कमी धक्का खाऊन वर्तुळात छर्रे उलट जास्तच, आणि ते पण जास्त सारखे पसरलेले!

कारण काही जादू नाही. शिसं मऊ असतं, बार उडाला की खालच्या थरातले छर्रे वरच्यांच्या वजनाने चेपतात, जितका धक्का जोराचा तितके जास्त चेपतात, मग चोकमधून जाताना आणखी दाबले जातात, आणि चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही, बाजूला भरकटतो. शिशात अँटिमनी जास्त मिसळलेली असली की छर्रे कडक राहतात, वॅडच्या पाकळ्या नळीपासून वाचवतात, वेग कमी ठेवला की धक्का कमी. एवढंच आहे. छर्ऱ्यांच्या मध्ये प्लास्टिकचा भुसा घालून पण पॅटर्न घट्ट होतो, पण त्याने प्रेशर वाढतं, ज्या रेसिपीत तो लिहिलेला आहे तिथेच घालायचा, मनाने नाही.

मग वाटलं जिंकलो. पण कागद २० यार्डावर लावला तेव्हा कळलं की हेच काडतूस तिथे दीड फुटाच्या आत सगळं कोंबतंय. आमच्याकडे कुत्रा पॉइंट धरतो आणि कोंबडा पायातून भर्रकन उठतो, पहिला बार वीस-पंचवीस यार्डातच असतो, तिथे एवढा घट्ट पॅटर्न म्हणजे एकतर साफ हुकणार नाहीतर लागला तर रश्शात घालायला काही उरणार नाही. चोक बदलता येत नाही, म्हणून स्प्रेडर, छर्ऱ्यांच्या पेल्यात प्लास्टिकची एक उभी फुली बसवायची, बाहेर पडल्यावर ती छर्रे चारी बाजूंना ढकलते, मिनेसोटाची बॅलिस्टिक प्रॉडक्ट्स कंपनी असलं सामान आणि त्याचा डेटा दोन्ही विकते. त्याने माझा फुल चोक जवळच्या अंतरावर इंप्रूव्हड सिलिंडरसारखा वागायला लागला. आता चेंबरमध्ये स्प्रेडर, मागे मॅगझिनमध्ये घट्टवाली, पहिला बार जवळ, हुकला तर दुसरा लांब. स्प्रेडरवर मार्करने मोठी फुली काढते, थंडीत हातमोज्यातून नुसतं चाचपून कळत नाही.

आयोवात सीझन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो आणि १० जानेवारीपर्यंत चालतो, सकाळी ८ ते दुपारी ४:३०, दिवसाला तीन कोंबडे, मादी मारायची नाही. ऑक्टोबरमधला आणि जानेवारीतला कागद मी वेगवेगळा काढते, कारण कडाक्याच्या थंडीत काही पावडरी मंद होतात आणि वॅडचं प्लास्टिक कडक पडतं, सप्टेंबरमध्ये टीशर्ट घालून काढलेला पॅटर्न उणे तापमानात तसाच राहील असं नाही. स्वतःची शेती नसेल तर स्टेटची आयहॅप नावाची योजना आहे, खाजगी जमिनी शिकारीला पायी फिरायला खुल्या करतात, नकाशा ऑनलाइन मिळतो. फेडरलच्या वॉटरफाऊल प्रॉडक्शन एरियात मात्र फेझंटलाही शिसं चालत नाही, आणि बदकांसाठी तर १९९१ पासून देशभर बंदच आहे.

तिथे मला बिस्मथ वापरावं लागतं, कारण जुन्या फुल चोकच्या पातळ नळीतून स्टील काढणं म्हणजे नळीची वाट लावणं. बिस्मथ शिशाइतकं जड नाही पण स्टीलपेक्षा बरंच जड, घनता शिशाची ११ च्या वर, बिस्मथची ९.६, स्टीलची ७.८ च्या आसपास, म्हणून शिशाच्या सहाच्या जागी मी पाच नंबर घेते. महाग इतकं की पॅटर्नला बार काढताना डॉलर उडताना दिसतात. पण तयार खोकं त्याहून महाग आहे, आणि घरी खाणाऱ्यांना दाताखाली शिसं नको असतं, तांबड्या रश्शात छर्रा सापडला की आमच्याकडे वाटीत टण्णकन टाकायची पद्धत आहे, पाहुणे बघत बसतात. बिस्मथच्या कागदांचं काम अजून चालू आहे, तेव्हा त्यावर आत्ता काही ठाम लिहीत नाही.

घ्यायचंच असेल तर जुनं बघा, गॅरेज सेलमध्ये, इस्टेट सेलमध्ये ही मशीनं येतात. बघताना चार्ज बार काढून बघा, तो झिजलेला असला तर पावडर गळते. लिव्हर खालीवर करून खांब सरळ आहेत का ते बघा, गंज वरवरचा चालेल. गेज कुठलं ते मालकाला विचारू नका, डायवर बघा, मला एकाने सोळा म्हणून वीसचं दाखवलं होतं. बाटल्या पिवळ्या पडलेल्या असल्या तर नव्या घ्या, स्वस्त असतात. आणि बरोबर अर्धवट भरलेले, लेबल नसलेले पावडरचे डबे फुकट देत असतील तर नको म्हणा, कितीही प्रेमाने दिले तरी. पावडर आणि प्रायमर ऑनलाइन मागवलं तर धोकादायक मालाचा वेगळा चार्ज लागतो, तेव्हा दोन-तीन ओळखीचे मिळून एकदम ऑर्डर करा, नाहीतर गावातल्याच दुकानात फोन करून विचारा, आठवड्यात कुठल्या दिवशी माल येतो ते ते सांगतात.